साखरखेर्ड्याचे गोलंदाज

११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याजवळ झालेल्या लढाईने दख्खनचा पुढचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास ठरवला. दिल्लीचे फर्मान मिळालेला मुबारिझखान एका बाजूला, निजाम-उल्-मुल्क दुसऱ्या बाजूला आणि निजामाच्या मदतीला बाजीराव पेशवे. मुबारिझखान रणात पडला, हैदराबादची गादी पक्की झाली. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला ‘फत्ते’चे नवे नाव दिले. दप्तरात ते काही काळ चालले. गावाने मात्र ते मनावर घेतले नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाला आजही सगळे साखरखेर्डाच म्हणतात.

आमचा विषय लढाई नाही, त्या काळच्या फौजांतला एक शब्द आहे. तोफेला बत्ती देणाऱ्या माणसाला गोलंदाज म्हणत. फारसीत ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. गोळा फेकतो तो गोलंदाज, तीर सोडतो तो तिरंदाज. वऱ्हाडावर शतकानुशतके सुलतानी आणि निजामी अंमल होता. महसुलाच्या कागदापासून शिव्यांपर्यंत फारसी इथे घरच्यासारखी नांदली. त्यामुळे इंग्रजांचा चेंडूचा खेळ मराठीत आला तेव्हा चेंडू टाकणाऱ्यासाठी शब्द शोधायला कुणाला फार लांब जावे लागले नाही. तोफखाना मोडीत निघाला होता, गोलंदाज रिकामा बसला होता. त्याला नवे काम मिळाले.

मग त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ आला. हा शब्द व्याकरणाने पाहिला तर साफ चूक आहे. फळी फेकणारा तो फलंदाज, असा त्याचा अर्थ होतो, आणि फळी फेकणे हे काही बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे काम नव्हे. एखादा गडी चुकीचा बाद दिल्यावर तंबूत जाऊन बॅट भिरकावतो, तेवढ्यापुरता शब्द व्युत्पत्तीला जागतो. तरीही गेल्या कित्येक पिढ्यांत कुणाला हा शब्द खटकलेला नाही. तिरंदाज, गोलंदाज, फलंदाज अशी तीन भावंडे आहेत. धाकटे जरा वेडेबागडे निघाले, पण घरात सर्वांत लाडके तेच.

क्रिकेटच्या मराठी शब्दांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘चीत’. इंग्रजीत फलंदाज ‘आऊट’ होतो, म्हणजे बाहेर जातो. मराठीत तो चीत होतो, म्हणजे पाठीवर पडतो. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत, स्वयंचीत अशी बाद होण्याच्या तऱ्हांची ही अख्खी मालिका कुस्तीच्या आखाड्यातून उचललेली आहे. तीन दांड्यांना त्रिफळा म्हणण्यात तर वैद्याच्या दुकानातला वात्रटपणाही मिसळला आहे. हिरडा, बेहडा, आवळा मातीत लोळले आणि मल्ल आस्मान पाहत पडला, असे चित्र एका शब्दात उभे राहते. इंग्रजी ‘क्लीन बोल्ड’मध्ये एवढे काही दिसत नाही. पायाला चेंडू लागून बाद होण्याला इंग्रजीने ‘लेग बिफोर विकेट’ असे दाव्याच्या कागदासारखे नाव दिले आणि तेही लांब वाटले म्हणून तीन अक्षरांवर आणले. मराठीने ‘पायचीत’ म्हटले आणि मोकळी झाली.

बाकीचा शब्दसंग्रहही असाच इकडून तिकडून गोळा झाला. ‘डाव’ कुस्तीतून आणि पत्त्यांतून. ‘सलामी’ कुस्तीतली, मल्ल हात मिळवतात ती. ‘पंच’ चावडीवरून; गावचा तंटा तोडणारा माणूस पांढरा कोट घालून मैदानात उभा राहिला. ‘कर्णधार’ नावेचे सुकाणू धरणारा. ‘गडी’ हुतूतूच्या मैदानातला, आणि वऱ्हाडात तर सालाने शेतावर राबणारा गडीही तोच. ‘यष्टी’, ‘षटक’, ‘क्षेत्ररक्षण’ हे संस्कृत पोथीतून आले. ते काही परके वाटले नसावेत. महाराष्ट्राने १९३९–४० आणि १९४०–४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी करंडक स्पर्धा जिंकली तेव्हा संघाचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतच शिकवत होते.

‘षटका’वरून एक गंमत. शब्दातच सहाचा आकडा कोरलेला आहे. पण ऑस्ट्रेलियात १९७८–७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकले जाई. तिकडच्या दौऱ्याचे वृत्तांत मराठीत लिहिणारे आठ चेंडूंच्या षटकाबद्दल निर्विकारपणे लिहीत आणि वाचणारे तितक्याच निर्विकारपणे वाचत. शब्द एकदा रुळला की तो आपले पोट उघडून दाखवत नाही.

हे रुळवण्याचे काम कुठल्या समितीने केले नाही. ते केले आकाशवाणीने आणि वर्तमानपत्रांनी. पुण्याचे बाळ ज. पंडित स्वतः क्रिकेट खेळलेले. मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन म्हटले की त्यांचे नाव पहिले येते. महाराष्ट्र टाइम्स १९६२ मध्ये निघाला आणि वि. वि. करमरकरांनी क्रीडापानाला मराठी दैनिकात स्वतःची जागा मिळवून दिली. तेही समालोचन करीत. या माणसांपुढे एक अडचण होती, आणि तीच त्यांची संधी ठरली. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हते. खामगावच्या कापूस बाजारात ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेल्या माणसाला ‘स्क्वेअर लेग’ म्हणजे नेमके काय हे ठाऊक असेलच असे नव्हते. चेंडू कुठे गेला, कसा गेला, कुणी अडवला हे शब्दांनीच दाखवावे लागे, आणि तेही पुढचा चेंडू पडायच्या आत. अशा घाईत तोंडात बसत नाहीत ते शब्द आपोआप गळतात. ‘गुगली’, ‘नो बॉल’, ‘फॉलोऑन’ यांना मराठी प्रतिशब्द मिळाले नाहीत, कारण ते लांबले असते. जे राहिले ते घासून गुळगुळीत झालेले.

याच्या उलट पद्धतही बुलढाणा जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, पुढे मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. तिथे १९४६ नंतर डॉ. रघुवीर यांनी इंग्रजीतल्या शासकीय आणि शास्त्रीय संज्ञांना संस्कृत धातूंपासून प्रतिशब्द बनवण्याचा प्रचंड उद्योग आरंभला. सरकारचा त्याला पाठिंबा होता. विद्वत्तेत तो माणूस कुणाला हार जाणारा नव्हता आणि त्याच्या टाकसाळीतून निघालेल्या कित्येक नाण्यांनी आपण आजही व्यवहार करतो. पण अशा संस्कृतीकरणाची टरही भरपूर उडाली. क्रिकेटला ‘लंबदंड-गोलपिंड-धरपकड-प्रतियोगिता’ म्हणायचे, हा हिंदी पट्ट्यातला विनोद त्यातलाच. सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘क्रीडांगण’सारखे चांगले शब्द चालवले. पण परक्या शब्दांना बाहेर काढण्याचा तो सोवळेपणा मैदानावर पोचेपर्यंत ओलाच राहिला. ‘गोलंदाज’ फारसी, ‘बाद’ही उर्दूच्याच वाटेने आलेला. शुद्धी झाली असती तर मराठी क्रिकेटचे निम्मे शब्द कुंपणाबाहेर बसले असते.

हाच प्रश्न जपानपुढे आपल्या आधी उभा राहिला होता, आणि तो कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. तिकडे खेळ बेसबॉलचा. १८९४ मध्ये चुमान कानाए याने त्याला ‘याक्यू’ हे नाव दिले, म्हणजे रानातला चेंडू. पण खरी गंमत मासाओका शिकीची. हायकूला नवा जन्म देणारा हा कवी तरुणपणी बेसबॉलचा वेडा होता. आपल्या ‘नोबोरु’ या घरगुती नावावर कोटी करून त्याने ‘नो-बोरु’ असे टोपणनाव घेतले. ते लिहिताना चिन्हे वापरली रान आणि चेंडू यांची, म्हणजे ‘याक्यू’चीच, आणि तीही चुमानच्या चार वर्षे आधी. १८९६ साली ‘निप्पोन’ या वृत्तपत्रात त्याने खेळाची ओळख करून देताना चेंडू मारणारा, धावणारा, उडालेला चेंडू अशा संज्ञांना जपानी शब्द दिले. त्यांतले कित्येक आजही चालतात. क्षयाने अंथरुणाला खिळलेला माणूस धावण्याच्या खेळासाठी शब्द घडवत होता. १९०२ मध्ये पस्तिशीही न गाठता तो गेला. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात या कवीला जागा मिळाली.

नंतर आले महायुद्ध. शत्रूची भाषा मैदानावर नको म्हणून १९४३ मध्ये ‘स्ट्राइक’ला ‘योशी’ आणि ‘बॉल’ला ‘दामे’ म्हणायचे ठरले. ‘छान’ आणि ‘नाही चालत’, असा काहीसा त्यांचा भाव. युद्ध संपले आणि हे शब्दही गेले. शिकीचे शब्द मात्र टिकले. एकाच खेळासाठी, एकाच भाषेत, जवळपास पन्नास वर्षांच्या अंतराने दोन प्रयत्न झाले. एक खेळणाऱ्याने प्रेमाने केलेला, दुसरा हुकमाने. निकाल सर्वांसमोर आहे.

त्याहून आम्हाला रस आहे तो पुढच्या टप्प्यात. जपानी वृत्तपत्रांत पंतप्रधान पदावर कायम राहिले तर ‘झोकुतो’ म्हणतात. मूळ अर्थ, गोलंदाजी पुढे चालू ठेवणे. आडपडदा न ठेवता विचारलेला प्रश्न ‘चोक्क्यू’, सरळ चेंडू. वळसा घेऊन केलेले विधान ‘हेंकाक्यू’, दिशा बदलणारा चेंडू. बेसबॉलच्याही आधीपासून तिथे सुमो कुस्ती होती आणि तिने भाषेला आधीच शब्द पुरवले होते. प्रतिस्पर्ध्याला रेटण्याच्या भरात स्वतःचाच पाय रिंगणाबाहेर पडला तर ती ‘इसामिआशी’; उतावळेपणाने घोटाळा करणाऱ्या मंत्र्यालाही हाच शब्द लागतो. म्हणजे आधी देशी कुस्ती बोलीत मुरली, मग परदेशी चेंडू तिच्या वाटेने आत आला. मराठीतला क्रम अगदी हाच आहे.

आपल्याकडे तर ही वाट फार जुनी. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतूतू, टिपरी, चेंडूफळी या खेळांवर रचना आहेत. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आणि हुतूतू आहेत. खेळातून परमार्थ सांगायचा आणि तोही पोरांच्या भाषेत. पंढरीच्या वाटेवर खेळ आणि भजन वेगळे नसतातच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी निघते, तिच्यासोबत चालणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

मराठी माणूस दिवसभरात खेळाचे किती शब्द खेळाबाहेर वापरतो, हे मोजू गेलो तर दमछाक होईल. कामात ‘खो’ घालणे खो-खोतले. विटी टोलवायची दांडूने. तिच्यावरून सरकारी कचेऱ्यांतली ‘टोलवाटोलवी’ आली. पीकविम्याचा अर्ज घेऊन तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून बँकेत फिरणाऱ्या शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. सभेत एकमेकांना हाणलेली ‘टोलेबाजी’ त्याच दांडूची. निवडणुकीचा ‘आखाडा’, उमेदवाराने ‘शड्डू ठोकणे’, विरोधकाला ‘धोबीपछाड’, पत्रकबाजीत ‘शह-काटशह’, कुणाचा ‘रडीचा डाव’. ‘पक्षाची धुरा’ मात्र मैदानातली नाही, बैलगाडीची. पण शंकरपटात जोडी हाकणारा धुरकरी पाहिला की या दोहोंतले अंतर फारसे राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातलेल्या या शर्यती २०२१ च्या अखेरीस अटींवर सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही त्यांना मान्यता दिली. त्या वादात विदर्भाबाहेरच्या वाचकांना ‘शंकरपट’ हा शब्द नव्याने कळला, हा एक आडफायदा.

या सगळ्यांत आमचा आवडता शब्द ‘लोण’. आट्यापाट्यांना लोणपाट असेही नाव आहे. सगळ्या पाट्या पार करून परत फिरलेला गडी लोण घेऊन येतो. कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद झाला की लोण चढते. आणि मैदानाबाहेर? शहरातली एखादी खोड खेड्यापर्यंत आली की तिचे ‘लोण’ पोचले म्हणतात. ऑनलाइन जुगाराचे लोण घाटाखाली पोचले, अशी बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराच्या मनात आट्यापाट्या नसतात. पाटी ओलांडत, अडवणाऱ्याला चुकवत येणारे काहीतरी मात्र त्या शब्दात अजून पळते आहे.

खेळाचा परका शब्द मराठी झाला की नाही, याची आमच्या मते एकच कसोटी आहे. तो खेळ न खेळणाऱ्याच्या तोंडी येतो का? कोशात गेला, पाठ्यपुस्तकात आला, शासन निर्णयात छापला गेला, याने काही ठरत नाही. या कसोटीला क्रिकेट उत्तम उतरते. ‘फटकेबाजी’ आता नेत्याच्या भाषणाला म्हणतात. पत्रकार परिषदेत चुकीचे बोलून स्वतःच अडकणारा ‘हिट विकेट’ होतो. शरद पवारांनी जून २०२३ च्या अखेरीस पत्रकारांशी बोलताना गुगलीचा दाखला दिला तेव्हा त्याला घरचे कारण होते. त्यांचे सासरे सदू शिंदे हे भारताकडून सात कसोटी खेळलेले लेगस्पिनर. १९५१ मध्ये दिल्लीत त्यांनी इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत टिपले होते. पवार स्वतः क्रिकेटपटू नसले तरी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष राहिलेले. सासऱ्याची गुगली जावयाने राजकारणात टाकावी, असे उदाहरण जपान्यांकडेही सापडणे अवघड. पुढच्याच रविवारी त्यांच्या पक्षात जी फूट पडली ती पाहता कोण कुणाच्या फिरकीवर चकले हा प्रश्न निराळा. शब्द मात्र पुरता मराठी झाल्याचे त्या दिवशी दिसले: मराठी वृत्तपत्रांना त्याचा अर्थ कंसात द्यावा लागला नाही.

काही शब्द या कसोटीला लंगडतात, आणि त्यांचे लंगडणे शिकवून जाते. ‘चेंडू आता सरकारच्या कोर्टात’ हे वाक्य आपल्या वृत्तपत्रांत रोज छापून येते. लिहिणाऱ्याला टेनिसचे मैदान म्हणायचे असते. पण मेहकर किंवा जळगाव जामोदच्या वाचकाला कोर्ट म्हटले की बांधाचा दावा आणि पुढची तारीख आठवते. चेंडू कोर्टात गेला म्हणजे प्रकरण वीस वर्षांसाठी मिटले, असे त्याने समजले तर त्याला कोण दोष देणार? इंग्रजी म्हण जशीच्या तशी उचलण्यापेक्षा ‘आता सरकारने काय ते करावे’ एवढे पुरे होते.

दुसरे उदाहरण ‘इनिंग’चे. मराठीत ‘डाव’ हा उत्तम शब्द असताना निवृत्त गुरुजींच्या सत्कारात सगळे ‘दुसरी इनिंग’ म्हणतात. यात इंग्रजीचा सोस आहे असे वाटेल, तसे नाही. मराठीत डाव मांडला जातो तो संसाराचा, आणि मोडतो तोही संसाराचाच. साठीच्या गुरुजींनी ‘दुसरा डाव’ मांडल्याचे निमंत्रणपत्रिकेत छापले तर सौभाग्यवतींच्या कपाळावर आठी पडेल. इथे परका शब्द लोकांनी अक्कलहुशारीने निवडला आहे.

तिसरा शब्द अवघड आहे: ‘बळी’. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी अनिल कुंबळेने दिल्लीत पाकिस्तानच्या एका डावातले दहाही गडी ७४ धावा देऊन एकट्याने टिपले. दहा बळी, हे मथळ्यात किती शोभले असेल. विकेटला बळी म्हणण्यात देवीपुढचा बोकड आहे, थोडी क्रूर मौज आहे, आणि खेळाच्या पानावर ती खपते. पण शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत बुलढाणा होता. त्या वर्षांत आमच्याकडच्या दैनिकांत पहिल्या पानावर नापिकीचा बळी असे आणि शेवटच्या पानावर फिरकीचे पाच बळी. एकाच अंकात, एकाच टंकात. संपादकांना ते दिसत नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण हळूहळू क्रीडापानावर ‘गडी’ आणि ‘विकेट’ यांचे प्रमाण वाढले असेल, तर त्यामागे हे एक न बोललेले कारण असावे असे आम्हाला वाटते. गल्लीतली पोरे तर ‘विकेट गेली’च म्हणतात, आणि वर्गात शिक्षा झालेल्या दोस्ताचीही विकेटच जाते. बळी जात नाही.

आता उलट वाहणारे पाणी पाहा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके जर्मनांपुढे केली. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही वऱ्हाडातली संस्था. तेव्हा खेळही आपला होता आणि शब्दही. कबड्डीच्या इंग्रजी नियमपुस्तकात ‘लोना’ हा शब्द आजही आहे. इंग्रजीला त्याचा पर्याय सुचला नाही. आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर आपल्याच घरातल्या खेळात चढाईची ‘रेड’ झाली, पकडीची ‘टॅकल’ झाली आणि लोण ‘ऑल आऊट’ झाले. २०२२ च्या अल्टिमेट खो-खोत खांबावरचा सूर ‘पोल डाइव्ह’ झाला. भर म्हणून दोन्ही दिशांना पळू शकणाऱ्या गड्याला त्यांनी ‘वजीर’ म्हटले, तो बुद्धिबळातून घेतला. वजीर आम्हाला आवडला. बाकीचे नाही. दूरचित्रवाणीवर चढाई दिसतेच आहे, तिला नाव काय दिले याने पाहणाऱ्याचे काही अडत नाही. रेडिओवर ते अडत होते. बारकाईने पाहिले तर आपल्या क्रीडाभाषेचे भाग्य पडद्याच्या अभावात होते.

बुलढाणा शहराला आज हा प्रश्न थेट भिडतो, कारण इथे तिरंदाज तयार होत आहेत. घाटावरच्या या गावचा प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाऊंड प्रकाराच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९–१४८ असे हरवून विजेता ठरला. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. पंधरा बाण, दीडशे गुण. म्हणजे पन्नास मीटरवरून प्रथमेशचा एकच बाण दहाच्या वर्तुळाबाहेर गेला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला २३५–२३० असे नमवून सांघिक सुवर्ण घेतले. तिरंदाजीत कोरियाला हरवणे म्हणजे काय, हे या खेळाच्या जाणत्यांना विचारावे.

या पराक्रमाचे वर्णन करायला मराठीकडे शब्दांची रेलचेल आहे, पण ती मैदानाबाहेरची. विरोधकांवर ‘शरसंधान’, टीकेचे ‘बाण’, भात्यातले अखेरचे अस्त्र, अचूक ‘वेध’, अंधारात मारलेला ‘तीर’, काहीच न केलेल्याला ‘मोठे तीर मारलेस’ हा टोमणा. महाभारतापासून चालत आलेली ही श्रीमंती. आणि प्रत्यक्ष धनुष्य हातात घेतले की मराठी मुकी होते. कंपाऊंड धनुष्याला दोन टोकांना चाके असतात, त्यांवरून दोर फिरतो. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम बराच उतरतो आणि नेम धरायला उसंत मिळते. त्याला ‘लेट-ऑफ’ म्हणायचे. दोर बोटांनी न सोडता छोट्या यंत्राने सोडतात, ते ‘रिलीज’. दोरातले भोक ‘पीप’, समोरचे भिंग ‘स्कोप’. चाके ‘कॅम’. प्रत्यंचा पोथीत आणि ‘स्ट्रिंग’ मैदानात. क्रिकेटला आधी मैदानातले शब्द मिळाले आणि त्यांतून लाक्षणिक अर्थ फुटले. तिरंदाजीत लाक्षणिक अर्थ ढिगाने, मैदानातला शब्द एक नाही.

परिभाषा कोशाने हे काम करावे असे आम्ही सुचवणार नाही. तो रस्ता कुठे जातो हे वर आलेच आहे. पण जिल्हा स्पर्धेच्या मांडवात माइक ज्याच्या हातात असतो, त्याने काही शब्द तोंडात घोळवून पाहायला हरकत नाही. ‘लेट-ऑफ’ला ‘ढील’ का म्हणू नये? पतंग उडवणाऱ्या प्रत्येक पोराला ढील कळते, आणि माणसाला, गुराला, कर्जदाराला ढील देणे मराठीत आधीच आहे. ‘रिलीज’ला ‘चाप’, बंदुकीचा चाप ओढतात, खर्चाला चाप लावतात. ‘स्कोप’ला ‘भिंग’ पुरेल. ‘कॅम’ला ‘चाक’. ‘कंपाऊंड’ मात्र राहू द्यावे. ‘संयुक्त धनुष्य’ म्हटले की त्यात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा दिसू लागतो. ‘पीप’चे काय करावे ते ओढणाऱ्या पोरांनाच विचारावे, त्यांनी आपसात काही ठेवणीतले नाव पाडलेले असेलच.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसला कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळली जाणार आहे. विदर्भातला एखादा गडी तिथे उभा असण्याची शक्यता चांगली आहे. आकाशवाणीने त्या दिवशी मराठी समालोचक पाठवायचा ठरवला, तर त्याने जाण्यापूर्वी आठवडाभर बुलढाण्याच्या मैदानावर येऊन बसावे.